वरचा जबडा काढल्यानंतर थ्रीडी प्रिंटिंग नेमके कुठे उपयोगी पडते?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान ५४ वर्षांचे आहेत आणि मधुमेह जुना आहे. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीमुळे उजवा वरचा जबडा निम्म्या टाळूसकट काढावा लागला. तेव्हापासून ते ऑब्च्युरेटर, म्हणजे टाळूचे भोक बुजवणारी प्लेट, वापरतात. आता ती ढिली झाली आहे, पाणी नाकातून येते, आवाज गेंगाणा झाला आहे आणि उजवा गाल आत बसला आहे. इंदूरला एका डॉक्टरांनी पायाचे हाड लावायला सांगितले, दुसऱ्यांनी थ्रीडी प्रिंट केलेला टायटॅनियमचा जबडा सुचवला. दोन्ही खर्चांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तुम्ही विचारता, ‘थ्रीडी जबडा बसवला की सगळे पहिल्यासारखे होईल का?’

सगळे पहिल्यासारखे होणार नाही, पण आजच्यापेक्षा पुष्कळ बरे नक्की होऊ शकते. मात्र प्रश्नाचा क्रम बदलावा लागेल. तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा कशाने बंद करायचा, जिवंत मांसाने की काढता-घालता येणाऱ्या प्लेटने, हे आधी ठरते. दोन्ही वाटांवर थ्रीडी प्रिंटिंगची मोठी मदत होते. पण पडदा बंद करण्याचे काम प्रिंटर करत नाही, आणि तुम्हाला दिलेल्या दोन सल्ल्यांपैकी एकात नेमकी हीच बाजू सुटलेली दिसते.

टाळू म्हणजे तोंडाचे छप्पर आणि नाकाची जमीन. खाली लाळ आणि अन्न, वर नाकातला स्राव आणि सायनसची हवा. दोन्हीकडे ओल आणि जंतू. तिथे नुसता धातू बसवला तर त्याला झाकायला काही उरत नाही. आतली नाजूक त्वचा धातूला चिकटून वाढत नाही. कडेला फट पडते, फटीत अन्न अडकते, वास येऊ लागतो, पू होतो आणि काही महिन्यांत स्क्रू हलायला लागतात. शेवटी तो महागडा तुकडा काढावा लागतो आणि भोक आधीपेक्षा मोठे झालेले असते. २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ वर्षांच्या एका बाईंना टायटॅनियमचा अख्खा खालचा जबडा प्रिंट करून बसवला होता, वजन १०७ ग्रॅम. ती बातमी जगभर गेली आणि ‘प्रिंट केलेला जबडा’ हा शब्द तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसला. पण खालच्या जबड्याभोवती जाड मांसाचे आवरण असते. वरच्या जबड्याची एक बाजू नाकात उघडते. तिथले यश इथे जसेच्या तसे धरून चालत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगते, कारण त्यावाचून कोणीही ठाम सल्ला देऊ नये. डावीकडचे किती दात शिल्लक आहेत आणि विशेषतः डावा सुळा आहे का? दात पक्के असतील तर प्लेटला पकड मिळते. नसतील तर प्लेट नुसत्या टाळूवर तरंगते. उजव्या गालाचे हाड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड शिल्लक आहे का? तोंड किती उघडते? दोन दातांच्या कडांमध्ये ३५ मिलिमीटर किंवा जास्त अंतर पडत असेल तर ठीक. २० च्या खाली असेल तर प्लेट आत घालणेही कठीण, दातांचे माप घेणेही कठीण आणि ऑपरेशनमध्ये करवत आत नेणेही कठीण. अशा वेळी आधी तोंड उघडण्याचा व्यायाम हवा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या आणि दर तीन-चार दिवसांनी एक वाढवायची. कंटाळवाणे काम आहे, पण दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. शिवाय एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती, गुटखा-तंबाखू सुटला आहे का, आणि नाकाच्या दुर्बिणीत बुरशीचा मागमूस नाही ना? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे लेखी मिळेपर्यंत कुठलेही हाड किंवा धातू बसवण्याचा विचार करू नये. बुरशीने पोखरलेल्या गालाच्या हाडात वर्षानुवर्षे संसर्ग धुमसत राहू शकतो, आणि त्यात घातलेला स्क्रू टिकत नाही.

मी तुमच्या जागी असते तर पहिले पाऊल लहान टाकले असते, नवी प्लेट. चार वर्षांत टाळूच्या कडा आक्रसतात, हाड झिजते, व्रण ताणले जातात. तीच जुनी प्लेट आता बसेल अशी अपेक्षाच चूक आहे. आपल्या इंदुरी पोह्यांवरची शेव हीच तिची उत्तम परीक्षा. बारीक शेव कुठून वर जाते ते रुग्णाला लगेच कळते. जीभ लावून ते ‘इथून’ असे दाखवतात, आणि बहुतेक वेळा बोट मागच्या कडेला जाते, जिथे कडक टाळू संपून हलणारा मऊ टाळू सुरू होतो. घरच्या घरी आणखी एक करून पाहा. थंड आरसा नाकपुड्यांखाली धरा आणि त्यांना ‘पापा, बाबा, काका, टाटा’ म्हणायला सांगा. या अक्षरांना नाकातून हवा जायला नको. आरसा धुरकट झाला तर प्लेटच्या कडेने हवा निसटते आहे. ‘मामा, नाना’ म्हणताना मात्र आरसा धुरकट व्हायलाच हवा. तेव्हाही स्वच्छ राहिला तर प्लेटने नाकाची वाट नको इतकी बुजवली आहे.

माप घेताना पूर्वी सैल पेस्ट त्या भोकात भरावी लागे. कडांच्या आत खोबणी असतात, त्यांत पेस्ट अडकून तुटण्याची भीती असते, म्हणून आधी व्हॅसलिन लावलेली गॉज दोरा बांधून आत ठेवतात. आता सीटीवरून किंवा तोंडातल्या स्कॅनरने भोकाचा आकार मिळतो, त्यावरून मापाचा ट्रे नेमका त्या रुग्णाच्या बेताचा प्रिंट करता येतो. पण एक गोष्ट स्कॅनरला दिसत नाही, ती म्हणजे हालचाल. म्हणून शेवटी मऊ साहित्य लावून कडा तोंडातच घडवाव्या लागतात. रुग्णाला डोके दोन्हीकडे वळवायला, घोट गिळायला, बोलायला आणि खालचा जबडा बाजूला सरकवायला सांगतात. हा शेवटचा भाग घाईत टाळला जातो. मग तोंड उघडताना खालच्या जबड्याचे वरचे टोक प्लेटच्या गालाकडच्या फुगवट्यावर आपटते, जखम होते, आणि रुग्ण प्लेट काढून ठेवतो.

प्लेटचा भोकात वर जाणारा फुगवटा पोकळ हवा, भिंत साधारण दोन मिलिमीटर. भरीव असेल तर वजनानेच प्लेट खाली ओढली जाते आणि डावीकडच्या दातांवर रोज ताण येतो. पोकळ भागाचा सांधा पक्का बंद हवा. बारीक भेग राहिली की आत लाळ शिरते आणि आठवड्यात वास येतो. प्रिंट केलेल्या रेझिनच्या, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या, प्लेटबाबत एक काळजी घ्या. प्रिंटरमधून निघालेला तुकडा तयार नसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील प्रकाशाच्या पेटीत ठरलेला वेळ पुन्हा पक्का करावा लागतो. ही पायरी अर्धवट राहिली तर न जमलेले रसायन लाळेत उतरते, हिरडी लाल होते आणि जळजळ होते. शिवाय रेझिन तोंडात दीर्घकाळ राहण्यासाठी प्रमाणित हवे. मॉडेलसाठीचे स्वस्त रेझिन तोंडात कधीच चालत नाही. आतले मऊ अस्तर असेल तर मधुमेह्यांच्या तोंडात त्यावर कँडिडा नावाची बुरशी धरते, तेव्हा सहा महिने ते वर्षभरात ते बदलावे. रात्री प्लेट काढून ठेवायची, मऊ ब्रशने घासायची, उकळत्या पाण्यात घालायची नाही.

शासकीय दंत महाविद्यालयातला कृत्रिम दंत विभाग हेच काम करतो, तिथे आधी दाखवा. नव्या प्लेटने पाणी थांबले आणि आवाज सुधारला तर मोठ्या ऑपरेशनची घाई उरत नाही. मग ते करायचे की नाही हे शांतपणे ठरवता येते. दोन वाटांच्या मध्ये एक वाट आणखी आहे, गालाच्या हाडात तिरपे बसवायचे लांब इम्प्लांट, साधारण ३० ते ५२ मिलिमीटरचे. त्यांच्यावर दांडी बसवून प्लेट घट्ट अडकवता येते. दोन्ही गालांची हाडे निरोगी असतील तरच ही वाट खुली, आणि भोक तरीही प्लेटच बुजवते.

आता पायाच्या हाडाची वाट. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे फिब्युला. शरीराचे वजन मुख्यतः शेजारचे जाड हाड पेलते, म्हणून फिब्युलाचा मधला भाग काढला तरी चालता येते. घोट्याजवळचे सहा ते आठ सेंटिमीटर आणि गुडघ्याजवळचे साधारण सहा सेंटिमीटर मात्र ठेवावेच लागतात, नाहीतर घोटा डळमळतो आणि गुडघ्याजवळून जाणाऱ्या मज्जातंतूला धोका होतो. हाडासोबत त्याची रक्तवाहिनी आणि पोटरीच्या कातडीचा एक तुकडा येतो; या सगळ्याला मिळून फ्लॅप म्हणतात. रक्तवाहिनी मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, हाडाचे तुकडे जबड्याच्या आकारात रचतात आणि ती कातडी टाळूचे भोक बंद करते. पडदा जिवंत मांसाचा, स्वतःच्या रक्तावर जगणारा. प्लेट काढण्या-घालण्याचा प्रश्न उरत नाही आणि चार-सहा महिन्यांनी त्याच हाडात दातांचे इम्प्लांट बसवता येतात. टाळूवरची ही कातडी सुरुवातीला जाड, फुगीर वाटते, पुरुषांत तिच्यावर केसही राहतात. ते लेझरने कमी करता येतात, आणि कातडी पातळ करायला एखादे छोटे ऑपरेशन लागू शकते. हे आधीच सांगितलेले नसले की रुग्ण आरशात पाहून घाबरतो.

प्रिंटिंगचे खरे मोल इथे आहे. सगळ्याचा पाया स्कॅन. चेहऱ्याच्या सीटीचे काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत, आम्ही ०.६ मागतो. काप एकमेकांना लागून आणि यंत्र तिरपे न करता घेतलेले. स्कॅनच्या वेळी दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवायचा, म्हणजे वरचे आणि खालचे दात एकमेकांत मिसळत नाहीत. स्कॅन जुना नको, दोन-तीन महिन्यांच्या आतला बरा. केंद्रावरून फिल्म नको, डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल फाइल, असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. फिल्मवरून किंवा व्हॉट्सॲपच्या फोटोवरून काहीही प्रिंट होत नाही. दातांवर धातूच्या टोप्या असतील तर सीटीत त्यांच्याभोवती पांढऱ्या रेषा पसरतात आणि चावण्याच्या पृष्ठांचा आकार हरवतो. त्यासाठी दातांचे वेगळे स्कॅन किंवा प्लास्टर मॉडेलचे स्कॅन घेऊन सीटीवर बसवावे लागते. पायाची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, दोन्ही पायांची हवी. काहींच्या पायात पाऊलभर रक्त फिब्युलाच्याच वाहिनीतून जाते, तो पाय घेतला तर पाऊल धोक्यात येते. इथे तुमच्या बाबतीत एक मुद्दा महत्त्वाचा. अँजिओला रंगद्रव्य टोचतात. यजमानांना तेव्हा बुरशीवरचे ॲम्फोटेरिसिन मिळाले असेलच, आणि ते औषध किडनीवर परिणाम करते. वरून मधुमेह. म्हणून स्कॅनआधी क्रिएटिनिन तपासा आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन चालू असेल तर थांबवायचे का, हे विचारून घ्या.

फाइल आली की संगणकावर हाड वेगळे करतात. सीटीत घनता हाऊन्सफील्ड एककांत मोजतात; साधारण २२६ एककांच्या वरची घनता म्हणजे हाड, अशी मर्यादा घालून सुरुवात होते. पण डोळ्याच्या खोबणीचा तळ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो आणि त्या मर्यादेखाली जातो. मॉडेलमध्ये तिथे भोक दिसते, हाड मात्र शाबूत असते. नवशिक्या हाताला हे कळले नाही तर नसलेल्या भोकासाठी टायटॅनियमची जाळी बनते. तो भाग एकेक काप पाहून हातानेच भरावा लागतो. काम कंटाळवाणे असते, तासन्‌तास चालते आणि बिलात कुठेच दिसत नाही.

मग निरोगी डावी बाजू आरशासारखी उलटवून उजवीकडे ठेवतात. एकाच बाजूचा जबडा गेला असेल तेव्हा ही सोय आहे. कुणाचाच चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो, पण आराखड्याला हे पुरते. दोन्ही बाजू गेल्या असतील तर उलटवायला काही उरत नाही. तेव्हा खालचे दात, जुने सीटी आणि आजारापूर्वीचे समोरचे आणि बाजूचे फोटो यांवरून अंदाज घ्यावा लागतो. तुमच्याकडे जुना दातांचा साचा, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) किंवा २०२१ पूर्वीचे कसलेही स्कॅन असेल तर जपून ठेवा. त्याची किंमत रुग्णाच्या घरच्यांना सहसा माहीत नसते.

आराखड्याची सुरुवात दातांपासून व्हायला हवी. खालच्या दातांवर वरचे दात कुठे टेकतील ते आधी ठरवायचे, त्यांच्या मुळांची जागा त्यावरून, आणि हाड त्या जागेखाली. उलट क्रमाने, म्हणजे गाल भरून दिसावा एवढेच पाहून हाड ठेवले, तर फोटो छान येतो आणि इम्प्लांट बसवायच्या दिवशी कळते की हाड दातांच्या रेषेपासून एक सेंटिमीटर बाहेर आहे. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून पहिल्या बैठकीतच दात बसवणारे डॉक्टर हजर असावेत. दुसरी सुटणारी गोष्ट म्हणजे रक्तवाहिनीची लांबी. वरच्या जबड्यापासून मानेपर्यंत अंतर जास्त असते. फिब्युलाचा घोट्याकडचा भाग वापरला तर वाहिनी लांब मिळते, गुडघ्याकडचा वापरला तर तोकडी पडते. संगणकावर हाड कुठूनही कापता येते, म्हणून ही चूक सोपी आहे. शिवाय प्रत्येक तुकडा किमान दोन-अडीच सेंटिमीटरचा हवा, त्याहून छोट्याला रक्त पुरत नाही.

आराखडा पक्का झाला की प्रिंट होते ती मुख्यतः तीन वस्तू. पहिली, कवटीचे मॉडेल. साध्या फिलामेंटचे, म्हणजे प्रिंटरमध्ये वितळणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचे, ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या थरांचे, रात्रभर चालणारे काम. त्यावर टायटॅनियमची तयार प्लेट किंवा डोळ्याखालची जाळी ऑपरेशनआधीच वाकवून ठेवता येते. माझ्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा याच साध्या मॉडेलचा. ऑपरेशन टेबलवर अंदाजाने जाळी वाकवणे, आत घालून पाहणे, पुन्हा काढणे, यातला बराच वेळ वाचतो. पीएलए या नेहमीच्या फिलामेंटचे मॉडेल साधारण ६० अंशांना मऊ पडते. त्यामुळे ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, जात नाही, आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेले मॉडेल तर घरी पोचेपर्यंत वाकलेले असते. वाकलेले डोळ्यांना कळत नाही, त्यावर वाकवलेली जाळी मात्र चुकते.

दुसरी वस्तू, कापण्याचे गाइड. हा हाडावर नेमका बसणारा साचा. त्यात करवतीच्या पात्यासाठी सुमारे एक मिलिमीटरची खाच आणि स्क्रूसाठी भोके असतात. एक गाइड चेहऱ्यासाठी, एक पायासाठी. पायाचे हाड अजून पायाच्याच रक्तावर जिवंत असताना तुकडे कापून होतात, त्यामुळे हाड बिनरक्ताचे राहण्याचा काळ कमी होतो. गाइड नायलॉनचे किंवा ऑटोक्लेव्ह सोसणाऱ्या रेझिनचे हवे. १३४ अंशांवर वेडेवाकडे होणारे रेझिन वापरले तर तंतोतंत आखलेला कोन तिथेच बिघडतो. म्हणून निर्जंतुक केल्यानंतर गाइड पुन्हा मॉडेलवर बसवून पाहायचे असते, आणि त्यासाठी त्या मॉडेलचीही निर्जंतुक प्रत लागते. खाचेत धातूची पट्टी नसेल तर पाते रेझिन खरवडते आणि कण जखमेत पडतात. ते भरपूर सलाइनने धुवावे लागतात.

गाइड बसत नाही तेव्हा कारण बहुतेक वेळा साधे असते. आराखडा उघड्या हाडावर केलेला असतो, प्रत्यक्षात हाडावर मांसाचा थर राखावा लागतो, कारण रक्त त्यातूनच येते. तेवढी जागा गाइडमध्ये सोडलेली नसते. शिवाय गाइड उलटे बसू नये म्हणून प्रत्येक गाइडवर ‘वर’, ‘घोटा’, ‘उजवा’ असे उठावाने लिहिलेले असावे. संगणकावर सगळे पूर्ण जुळले तरी प्रत्यक्षात एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, तो गृहीत धरूनच आराखडा करायचा असतो. आणि टेबलवर रोगट हाड अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर गाइड बाजूला ठेवण्याची तयारी सर्जनकडे हवी.

तिसरी वस्तू, रुग्णाच्या मापाची टायटॅनियम प्लेट. टायटॅनियमची भुकटी लेझरने थर-थर वितळवून ती बनते. नंतर ताण काढण्यासाठी तापवणे, आधाराचे खांब तोडणे, अडकलेली भुकटी काढणे आणि पृष्ठ घासणे या पायऱ्या असतात. हाडाचे तुकडे धरून ठेवायला, डोळ्याच्या खोबणीचा तळ उभा करायला आणि गालाची कड भरायला ही फार चांगली वस्तू आहे, अट एकच: वर जिवंत मांसाचे आवरण हवे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचा ‘टायटॅनियमचा जबडा’ फ्लॅपसोबत असेल तर प्रस्ताव विचार करण्यासारखा आहे. फ्लॅपशिवाय, थेट तोंडात उघडा राहणारा असेल, तर मी नको म्हणेन. पीईईके नावाचे प्लास्टिकही सुचवले जाते; ते हाडाला धरत नाही, त्यामुळे सायनसला लागून उघड्या जागेत त्याचीही तीच अडचण.

खर्चात फरक का पडतो? प्रिंटिंगचा कच्चा माल हा त्यातला छोटा भाग. किलोभर फिलामेंट हजार-दीड हजार रुपयांत येते आणि अर्ध्या चेहऱ्याच्या मॉडेलला त्यातला लहानसा वाटाच लागतो. खरा पैसा जातो आराखड्याच्या तासांत, टायटॅनियमच्या प्लेटमध्ये, आठ ते बारा तासांच्या ऑपरेशनमध्ये आणि अतिदक्षता विभागात. पहिल्या दोन-तीन दिवसांत फ्लॅपचा रंग, ऊब आणि रक्ताची चाल दर तासाला पाहावी लागते. त्या वेळात वाहिनी अडकली आणि लगेच उघडली तर फ्लॅप वाचतो. अनुभवी केंद्रांत साधारण ९५ टक्के फ्लॅप जगतात, पण तुमच्या केंद्राचा स्वतःचा आकडा विचारा. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ऑपरेशनचे पॅकेज आणि रुग्णाच्या मापाची प्लेट या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या जाऊ शकतात, तेव्हा रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, दोन्हींबद्दल लेखी विचारून घ्या.

दोन्ही डॉक्टरांना पुढचे प्रश्न तसेच्या तसे विचारा. टाळू कोणते मांस बंद करणार? दात कधी आणि कशावर बसणार, आणि दातांचे डॉक्टर आराखड्याला हजर असतील का? फ्लॅप मेला तर दुसरा बेत काय? प्लेटच्या धातूचे प्रमाणपत्र आणि बॅच क्रमांक मिळेल का? यावर्षी असे किती फ्लॅप केले? या प्रश्नांचा राग येणार नाही, आणि आला तरी विचारा. टायटॅनियमची प्लेट आयुष्यभर शरीरात राहणार आहे.

आता क्रम असा धरा. या आठवड्यात एचबीए१सी आणि क्रिएटिनिन. एचबीए१सी आठच्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. गुटखा किंवा तंबाखू अजून थोडाही असेल तर आजच बंद, ऑपरेशनआधी किमान चार आठवडे. मग नाकाची दुर्बीण आणि बुरशी नसल्याचा एमआरआय. त्याच काळात नवी प्लेट बनवायला टाका, आणि ती बसवून महिनाभर त्यांना रोज पोहे खाऊ द्या. महिन्यानंतरही शेव वर जात असेल किंवा गालाचे आत बसणे त्यांना सहन होत नसेल, तर चेहऱ्याचा पातळ कापांचा सीटी आणि दोन्ही पायांची अँजिओ करून सीडी घेऊन फ्लॅप करणाऱ्या सर्जनकडे जा. सोबत जुने फोटो, जुना दातांचा साचा आणि २०२१ चे डिस्चार्ज कार्ड न्या. बायोप्सीचा रिपोर्ट सापडत नसेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथल्या रेकॉर्ड विभागात नोंदणी क्रमांक देऊन प्रत मागा. किती हाड काढले आणि कडा स्वच्छ होत्या की नाही हे या दोन कागदांवरून कळते, आणि पहिला आराखडा त्यावरूनच आखला जातो.